ज्यांना मंजूर आहे त्यांनी

अंबादास लांजेवार घमापुरच्या बाजारात वाटाणे घ्यायला गेले तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. थंडीचे दिवस, उबदार ऊन. उजवा हात नेहमीप्रमाणे गळ्यातल्या पट्टीत अडकवलेला. खांदा धरलाय, असं ते लोकांना सांगत. गर्दी टाळायची, कोपऱ्यातल्या म्हातारीकडून अर्धा किलो घ्यायचे आणि परत फिरायचं, एवढंच काम होतं.

पण पलीकडे एक जण टेम्पोवर उभा राहून कांदे विकत होता. "बोलो, किस-किसको चाहिए?" तो ओरडला, आणि अंबादासांचा हात पट्टीतून निसटून सरळ वर गेला. कोपर ताठ, पंजा उघडा, बोटं एकमेकांना चिकटलेली.

त्यांनी डाव्या हाताने तो खाली ओढला. येईना. शेजारची बाई नाकाला पदर लावून बाजूला सरकली.

सोळा वर्षं हे चाललं होतं. हात वर गेला की तळव्यातून वास सुटायचा. उन्हात फुगलेल्या मांसाचा, गोडसर, घशाला चिकटणारा. हात खाली आला की वास जायचा. साबण, लिंबू, राख, फिनाईल, सगळं करून झालं होतं. ते जेवत डाव्या हाताने. पुष्पाबाईंनी त्यांचा टॉवेल वेगळा ठेवला होता आणि कारण विचारणं कधीच सोडलं होतं. एकदा मोहल्ल्याच्या समितीची निवडणूक झाली. दोन उमेदवार, आणि यांचा हात दोघांसाठीही वर. लोक हसले. अंबादास घरी येऊन ओकले होते.

त्या दिवशी वाटाणे न घेताच ते परतले, तर पुष्पाबाईंनी दोन बायकांना आत बसवलं होतं. एक चाळिशीची, मांडीवर फाईल घेतलेली. शर्मिला तिचं नाव. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेली, इथं कायदा शिकवणारी. दुसरी चोविशीची, सावळी, हात मांडीखाली दाबून बसलेली.

"गुरुजी, ओळखलं नाही न? मी मीरा. चौथीतली. धनेशची पोरगी."

अंबादास दारातच थांबले. "मी त्या दिवशी रजेवर होतो," ते म्हणाले. पोलिसांना तेव्हा सांगितलेलं वाक्य, जसंच्या तसं.

"मी अजून काही विचारलंच कुठं, गुरुजी..."

शर्मिलाने हळू आवाजात समजावलं. मीरा आणि तिची आई आता पनागरला वाटाण्याच्या शेतांत मजुरी करतात. धनेशची नोंद सरकारदरबारी आजही 'बेपत्ता' अशीच आहे. प्रेत नाही म्हणून मृत्यू नाही. त्यांच्या जंगलातल्या गावातलं कोणी बोलायला तयार नाही. बाहेरचा साक्षीदार एकच होता, शाळेचा मास्तर.

पुष्पाबाई नवऱ्याकडे पाहत राहिल्या. "बोला न," त्या म्हणाल्या. "काहून गप्प राहिले? मलेही ऐकू द्या एकदा."

मग अंबादास खाली बसले आणि बोलले.

जंगलातलं ते गाव सरकारच्या नकाशावर होतं, पण चालायचं बंदूकवाल्यांच्या हुकमाने. लोक त्यांना दादालोक म्हणत. धनेशने रस्ता मोजायला आलेल्या माणसांना पाणी पाजलं, एवढाच त्याचा गुन्हा. दादालोकांनी शाळेच्या पटांगणात अख्खं गाव बसवलं. त्यांचा म्होरक्या चष्म्याचा, मऊ बोलणारा. शाळेत बसून त्याने आधी पोहे खाल्ले, वर लिंबू मागून घेतलं. "गुरुजी, तुम्ही शिकलेले. तुम्ही पुढं बसा," म्हणाला. मग उठून, हात पुसत, त्याने धनेशला मरणाची शिक्षा सांगितली आणि गावाला विचारलं, "ज्यांना मंजूर आहे त्यांनी हात वर करा."

"प्रेत तीन दिवस तिथंच, बोअरिंगपाशी," अंबादास म्हणाले. "हात लावायचा नाही, रडायचं नाही. आणि शाळा बंद ठेवायची नाही, असा हुकूम. मी पोरांकडून पाढे म्हणून घेतले. माश्या आधी त्याच्यावर बसायच्या, मग पाट्यांवर येऊन बसायच्या. एका पोराच्या ओठावर बसली... तो बे एके बे म्हणत राहिला. चौथ्या दिवशी प्रेत नव्हतं."

शर्मिला लिहीत होती. "कायदा याबाबत स्पष्ट आहे," ती म्हणाली. "देशांतर्गत संघर्षातसुद्धा रीतसर न्यायालयाशिवाय कोणाला शिक्षा देता येत नाही. प्रेताची विटंबना करता येत नाही. आंतरराष्ट्रीय कायदा यासाठी बंदूकवाल्या गटांनाही बांधील धरतो."

"तो कायदा तेव्हा कुठं होता, म्याडम?" अंबादासांनी विचारलं.

"कायदा तेव्हाही होता, पुस्तकांत," ती मान वर न करता म्हणाली. "किती जणांनी हात वर केले?"

"सगळ्यांनी."

"तुम्ही?"

हात वर गेला. खोलीत तो वास पसरला. पुष्पाबाई तोंड दाबून खिडकीकडे धावल्या. अंबादासांना स्वतःच्याच शरीराची किळस आली. कोणी कोयता दिला असता तर त्यांनी तो खांद्यापासून तोडून टाकला असता.

मीरा मात्र उठून त्यांच्यापाशी आली. नाकाला ओढणी न लावता तिने तो पंजा दोन्ही हातांत धरला.

"मीपण केला होता, गुरुजी," ती म्हणाली. "आठ वर्षांची होती. बाबा माझ्याकडंच पाहून राहिले होते. डोळ्यांनी म्हणाले, कर. कर लवकर... म्हणून केला. आईनंही केला. आम्ही घरी कधी बोललोच नाही."

अंबादास रडू लागले, सोळा वर्षांत पहिल्यांदा. रडता रडता त्यांचा हात सैल पडला आणि आपोआप खाली आला. मीराने त्यात पेन दिलं. त्याच उजव्या हाताने त्यांनी जबाबाच्या प्रत्येक पानावर सही केली. अक्षर वाकडं आलं, पण नाव वाचता येत होतं.

"झालं," मीरा म्हणाली. "आता बाबा मेले."

पुष्पाबाईंनी खिडक्या सताड उघडल्या, पंखा लावला. नवऱ्याचा हात त्यांनी ओंजळीत घेतला, घाबरत घाबरत नाकाशी नेला. शाईचा वास, बाकी काही नाही. त्या थांबल्या.

"मग अजून... कुठून येऊन राहिला?"

तिघांनी एकदमच शर्मिलाकडे पाहिलं. ती डाव्या हाताने पानं उलटत, सह्या तपासत होती, ओठांतल्या ओठांत कलमांचे आकडे पुटपुटत. तिचा उजवा हात कानाला लागून सरळ वर उभा होता, पंजा उघडा, बोटं चिकटलेली. तिला पत्ताच नव्हता.

"पंखा जरा वाढवता का?" ती खालमानेनेच म्हणाली. "बाहेर काहीतरी मेलंय वाटतं."