मूठभर आत्याबाई

पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या नव्या साडीवर गुळणी केली. आता बोला!

पालीत माझ्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, किराणा दुकानाच्या ओसरीवर मी बायकांचा साक्षरता वर्ग घ्यायचे. त्या दिवशी धडा होता हगवणीचा. लेकराला जुलाब लागले की पाणी तोडायचं नाही, उलट साखर-मिठाचं पाणी पाजायचं. जानकीनं तांब्याभर पाणी करून आणलं, तेवढ्यात आरोग्य खात्याचे नवे कर्मचारी सायकल टेकवून आत आले. नाव नंतर सांगते. मी ऐटीत म्हटलं, "घ्या, चव बघा." त्यांनी मोठा घोट घेतला अन्... गेली साडी.

"बाई, मूठभर मीठ हाय ह्यात!"

"कावून गं जानकी? फळ्यावरचं वाच बरं."

जानकीनं पदर पुढं ओढला. "चिमूटभर मीठ, मूठभर... आत्याबाई."

ओसरी हसून हसून लोळली. तिच्या सासूचं नाव साखराबाई, आणि सासू पुढ्यातच बसलेली. सून सासूचं नाव कसं घेईल? म्हणून जानकी साखरेला नुसतं 'पांढरं' म्हणायची, धडाही तसाच पाठ केलेला. मीठही पांढरंच! चिमूटभर पांढरं, मूठभर पांढरं. मग व्हायचा तो घोटाळा झालाच.

मी भडकलेच. "शिकायला बसलात आणि नावाला घाबरता?"

"रागावू नका बाई," ते हळूच म्हणाले. "जानकीबाई, घरात गूळ हाय ना? मग मूठभर गूळ म्हणा."

जानकीनं एका दमात म्हणून दाखवलं. साखराबाई खूश. "पोरगा लई गुणाचा हाय!"

मग ते दर शुक्रवारी यायला लागले. कधी गोवराची सुई, कधी गाळून घ्यायचं पाणी... मी त्यांना बिनधास्त नावानं हाक मारायचे. आणि ते? आल्या आल्या पहिलं हेच — "काय बाई, साडी वाळली का?" मेला एवढा राग यायचा! आणि शुक्रवार कधी येतो म्हणून जीव नुसता टांगणीला.

दसरा झाला. टोळ्या ऊसतोडीला निघायची बोलणी सुरू झाली. सायकलची साखळी उगाच चाचपत ते म्हणाले, "पुढचा शुक्रवार शेवटचा. वर्ग बंद, अन् माझी बदली शिरूरला."



"कावेरी —" पहिल्यांदाच मागं 'बाई' नव्हतं. "अप्पांना भेटायला येऊ का?"

"मला... मला काय विचारता?"

"तुलाच तर विचारतोय. आत्ता नको सांगू. शुक्रवारी वर्गात माझं नाव घेतलंस, तर मी परका. गुमान शिरूरला जाईन."

"आणि न्हाई घेतलं तर?"

ते हसत सायकलवर टांग टाकून गेले.

शुक्रवार उजाडला. बायकांची बोचकी बांधून तयार होती, तरी सगळ्या आल्या. आत अप्पा डाळ जोखत होते. दारात सायकल वाजली.

"बायांनो, आज आपल्याकडे —"

नाव अगदी ओठांवर आलं. रोजच्या सवयीचं नाव! पण जीभ उचलेना.

"आज... हे आलेत."

"हे कोण?" साखराबाईचे डोळे लकाकले. "नाव घ्या की! शिकवायला बसलात अन् नावाला घाबरता व्हय?"

मी सरळ पदरात तोंड लपवलं. पदराआडून पाहिलं, तर दारातला माणूस कानापर्यंत लाल झालेला.

"ऱ्हाऊ द्या आत्याबाई," जानकी म्हणाली. "आता बाईंना बी न्हाई घेता यायचं." आणि ती दुकानाकडं वळून ओरडली, "अप्पा, ऐकलं का? बाईंचा आत्याबाईपुडा ठरला!"

अप्पांच्या हातातला तराजू तसाच राहिला. मग तेही हसायला लागले.

नाव नंतर सांगते म्हटलं होतं, नाही का? ते काही जमायचं नाही बाई. साखराबाईंना विचारा.