राहुकाळात निघालेली चॅसी

तो आला तेव्हा आमच्या लॉरी बुकिंगच्या ऑफिसात वीज नव्हती. बाहेर ऐप्पसी या तमिळ महिन्यातला दिवाळीचा पाऊस जराही न कंटाळता पडत होता, आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. गेले तीन महिने ते नव्हतंच.

नखशिखांत भिजलेला तो मुलगा दोन्ही हातांनी हवेत काहीतरी लांबलचक दाखवत होता. "लॉरी... नाशिक... चीप. व्हेरी चीप?" मी नुसती बघत राहिले. शेवटी त्याने मान वळवली आणि स्वतःशीच पुटपुटला, "हिला कसं समजावू देवा! चेहरा तर असा, जसं काही एरंडेल प्यायलीय."

"एरंडेल नाहीं, कापी प्यालें," मी टेबलावरचा कॉफीचा पेला दाखवत म्हटलं. "तुम्हास काय पाठवायचें तें सांगा."

तो कानापर्यंत लाल झाला. "तुम्ही... मराठी?"

"साडेतीनशे वर्षं. राजांसंगं तंजावरास आलों, राहिलों. बाहेर तमिळ, घरांत हेंच बोलतों."

"माझा इथला मित्रही असंच बोलतो. माझी आजीसुद्धा इतकं जुनं बोलत नव्हती," तो म्हणाला, आणि हसला. मला त्या हसण्याचा रागच आला. हसायची सवय सुटली की दुसऱ्याचं हसणं टोचतं.

मग त्याने सगळं सांगितलं. नाव शशांक, नाशिकच्या एका गॅरेजमध्ये कामाला. सुटे भाग मागवून घरी जोडायची एक गाडी तो आणि त्याचा मित्र मिळून करत होते. मित्राने इथे लोखंडी सांगाडा जोडला होता – चॅसी म्हणतात तिला – आणि शशांकने तिकडे फायबरची बॉडी तयार केली होती. आता चॅसी नाशिकला न्यायची होती, पण अख्खी लॉरी करायची ऐपत नव्हती.

"त्यात आमचे मित्रसाहेब रुसलेत. तीन महिने फोन उचलत नाहीत. आज घरी जाऊन कानच पिळतो."

"मित्राचें घर कोठें?" मी विचारलं. उत्तर मला चॅसी म्हटल्यापासूनच ठाऊक होतं.

"साक्कोट्टैला. मुरली नाव."

पावसाचा आवाज एकदम मोठा वाटला.

"मुरली माझा अण्णा, थोरला भाऊ," मी म्हटलं. "तो... नाहीं आतां. कावीळ जाहली."

तो तिथल्याच कांद्याच्या पोत्यावर बसला. आपल्या ओल्या चपलांकडे बघत म्हणाला, "मी शिव्या घातल्या हो त्याला... मेसेजमध्ये. रोज."

"फोन वाजायचा," मी म्हटलं. "अम्मा त्यावर उशी ठेवायची."

त्या संध्याकाळी मी त्याला घरी नेलं. चॅसी गोठ्यात विटांवर उभी होती. अण्णा गेल्यापासून अप्पांनी गोठ्यात पाऊल टाकलं नव्हतं. ते ओसरीवरूनच म्हणाले, "रविवारपर्यंत न्या. सोमवारीं भंगारवाला येतो. मला तें दिसायास नको."

भंगार! अण्णाने हात पोळून घेत ती जोडली होती. तिचे तुकडे झाले असते तर अण्णा दुसऱ्यांदा गेला असता, आणि या खेपेला मी नुसती बघत बसणार नव्हते.

स्वस्तात न्यायची तर एकच वाट. नाशिकहून कांदा घेऊन येणाऱ्या लॉऱ्या परत जाताना नारळ भरतात. त्यातल्या कुणीतरी आपल्या नारळांच्या बाजूला चॅसीला जागा द्यायची. मी दिवसभर ड्रायव्हरांना फोन करायचे. बहुतेक जण फोनवरच हसायचे.

"चाकें काढूं," मी शशांकला म्हटलं. "कडेवर उभी करून लॉरीच्या फळीस बांधूं. नारळाची जागा खाणार नाहीं."

"आणि वाकली तर?"

"तुम्ही वाकाल, ती नाहीं. अण्णाने जोडलेली आहे."

त्याने दोन्ही हात जोडले. "बरं बाई, मी वाकलो!"

आणि मी हसले. हसले आणि लगेच गोठ्याच्या दाराकडे पाहिलं, अम्माने ऐकलं तर नाही ना म्हणून. दुखवट्याच्या घरात मुलगी हसते... पण तो माझ्याकडेच बघत होता, हातातला पाना तसाच धरून.

दोन दिवस आम्ही चाकं काढली, नट डब्यांत भरले, गंजायला आलेल्या जागा ग्रीसने पुसल्या. अम्मा कापी आणून ठेवायची. आमच्याकडे पेला ओठाला न लावता वरून पितात. त्यालाही तसं करून दाखवायचं होतं; निम्मी कापी शर्टावर सांडली. मी माझा पदर पुढे केला आणि अर्ध्यातच मागे घेतला. त्याने ते पाहिलं. दोघांनीही पाहिलं नाही असं दाखवलं.

गुरुवारी दुपारी तो म्हणाला, "स्फूर्ती... एक बोलायचं होतं."

मी पटकन म्हटलं, "आतां नको. राहुकाळ आहे."

आमच्याकडे रोजचा दीड तास राहूचा. त्यात नवं काही सुरू करायचं नाही, घराबाहेर निघायचं नाही, चांगलं बोलायचं नाही. त्याला गंमत वाटली. "मग कधी संपतो तुमचा राहू?"

"तीनास."

तीनला फोन वाजला. कांद्याच्या लॉरीवरचा सूर्या ड्रायव्हर होता. त्याची लॉरी रिकामी झाली होती. उद्या सकाळी येतो म्हणाला, डिझेलपुरतं द्या आणि जागं राहायला शेजारी कुणी गप्पा मारणारा द्या. शशांक आनंदाने उडालाच. बोलायचं ते राहूनच गेलं. तो उद्या जाणार हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

शुक्रवारी लॉरी आली ती अकरा वाजता.

अम्मा दारात आडवी उभी राहिली. "बारापर्यंत राहुकाळ. बारा वाजल्यावर चढवा."

सूर्याने कपाळाला हात लावला. जवळच्या तिरुनीलक्कुडी गावचा नारळवाला बारापर्यंतच थांबणार होता. उशीर झाला की माल दुसऱ्या लॉरीत. मग सूर्याही नाही आणि नाशिकही नाही.

आम्ही सगळे अप्पांकडे बघू लागलो. कारण त्या मंगळवारीही असंच झालं होतं. अण्णा हळदीसारखा पिवळा पडून बरळत होता, तंजावरला न्यायला गाडी दारात उभी होती, आणि अप्पांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून म्हटलं होतं, "राहुकाळ सरूं दे." दीड तास आम्ही त्याच्या उशाशी बसून काढला. त्या दीड तासाने काही बिघडलं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. अप्पांनी ते ऐकून घेतलं, घरी आले आणि भिंतीवरचं घड्याळ उतरवून ठेवलं. खिळा अजून तिथेच आहे.

अप्पा ओसरीवरून उठले. नेसलेली वेष्टी वर खोचली आणि सरळ गोठ्यात गेले. चॅसीवर हात ठेवून क्षणभर उभे राहिले. मग म्हणाले, "उचला."

"अहो..." अम्मा म्हणाली.

"एकदां थांबलों, जया."

अम्मा दारातून बाजूला झाली. सूर्या, शशांक, अप्पा आणि मी, चौघांनी मिळून चॅसी वर चढवली. बांधताना अप्पांनी प्रत्येक गाठ स्वतः ओढून पाहिली. खाली उतरलो तर अम्मा लॉरीच्या पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवत होती, नव्या गाडीला ठेवतात तसं. तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

शशांक केबिनमध्ये चढला. इंजिन सुरू झालं. मी भिजत खिडकीखाली गेले.

"काल काय बोलणार होतांत?"

त्याने मोबाइलमध्ये पाहिलं. "अजून बारा नाही वाजले. तुमचा राहू..."

"अप्पांनी नाहीं पाहिलें घड्याळ. मीही नाहीं पाहत." मी खिडकीची कड धरली. "मला तुम्ही पाहिजे आहांत. गाडी जोडून घेऊन या. नाहीं जोडली गेली तर बसने या... पण या."

त्याने खिडकीतून हात खाली केला, ग्रीसने काळा झालेला, आणि माझी बोटं घट्ट धरली. "हेच," तो म्हणाला. "अगदी हेच बोलायचं होतं. येतो मी, स्फूर्ती."

लिंबू फुटलं. लॉरी चिखल उडवत रस्त्याला लागली. फळीच्या वर अण्णाच्या चॅसीचं एक टोक दिसत होतं, वळणापर्यंत.

अप्पा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "काय सांगितलेंस त्यास?"

"जें सांगायचें होतें तें."

"बरें केलेंस," अप्पा म्हणाले, आणि रिकाम्या गोठ्यात जाऊन उरलेल्या विटा एकावर एक रचू लागले.