हिरव्या लुगड्याच्या बाहुल्या

म्हशाच्या जत्रेत, सकाळचं धुकं अजून उठलं नव्हतं तेव्हा, गोजर एका शिवणयंत्राखाली वाकली होती. झालरीची एक चिंधी तिथं पडलेली तिला दिसली होती. बोटं चिंधीपर्यंत पोचली... आणि वरचं यंत्र थांबलं.

"काय हरवलं?"

"काय नाय. चिंधी हवी होती."

"चिंधी कशाला?"

 मोकळ्या कपाळाची बाई बाहुल्यांसाठी चिंध्या वेचते, हे परक्या पुरुषाला सांगायचं कसं?

यंत्रावर बसलेला वाळू तिच्यासारखाच कुणब्याचा मुलगा, पण कल्याणला राहून शिवणकाम शिकलेला. एरवी तो डोळखांबच्या बाजारात बसायचा. तिच्या ओच्यातून एक इवलं डोकं बाहेर आलेलं त्यानं पाहिलं आणि हात पुढं केला. का कोण जाणे, तिनं बाहुली दिली.

सावरीचा कापूस भरलेली, काळ्या दोऱ्याच्या डोळ्यांची बाहुली. अंगावर हिरवं लुगडं, निऱ्या गवताच्या पात्यासारख्या बारीक. वाळूनं ती उलटीपालटी करून पाहिली.

"बाई, तुझं नेसणं झकास," तो बाहुलीला म्हणाला. "चोळीची बाही तेवढी जुन्या तऱ्हेची. कल्याणच्या बायका आता फुग्याची बाही घालतात."

"माझी बाहुली कल्याणला कशाला जाईल?"

"नेणारा भेटला तर जाईल की."

गोजरनं बाहुली हिसकून घेतली आणि चालू लागली. चिंधी मात्र मुठीतच राहिली.

घरी ती आणि सासू धोंडूबाई, तिची आत्याबाय, दोघीच. गोजरचा नवरा कान्हा लग्नानंतरच्या दुसऱ्याच पावसाळ्यात तापानं गेला होता. सासूच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले. लग्नाचं हिरवं लुगडं पेटीत घडी होऊन पडलेलं. ते आता अंगाला लावायचं नव्हतं. एका दुपारी गोजरनं पदराचा कोपरा कापला आणि एका बाहुलीला नेसवला. आपल्या अंगावर जे चालत नाही, ते बाहुलीच्या अंगावर चाललं. मग दुसरी बाहुली झाली, तिसरी झाली. फळीवर रांग लागली. जत्रेतून आणलेली एक लाकडाची, एक मातीच्या तोंडाची, बाकीच्या तिनंच चिंध्यांच्या केलेल्या. सगळ्या हिरव्या. बायका म्हणत, पोर नाय पदरात, म्हणून खेळते बिचारी.

आता दर बाजाराला ती एक बाहुली घेऊन वाळूच्या यंत्राजवळ जायची. फुगा कसा काढायचा, गळ्याला पट्टी कशी लावायची, झालर कुठं चुणायची, तो दाखवायचा. बोटाला बोट लागलं की दोघंही शिवणीकडं बघायची.

"हिचं झालं," तो एकदा हळूच म्हणाला. "तुझ्या मापाची चोळी कधी आणतेस?"

तेव्हा शिंपी बाईच्या अंगाला फीत लावत नसे. तिनं जुनी चोळी द्यायची, त्यावरून त्यानं नवी बेतायची. यात लाजण्यासारखं काही नव्हतं. पण गोजरचे कान तापले.

"मला कुठं नटायचंय?"

"पाट लावताना तरी नटशील."

विधवेचं दुसरं लग्न त्यांच्यात होत असे, त्याला पाट म्हणत. ती दोरा बोटाला गुंडाळत राहिली.

"आत्याबायला कोण बघंल?"

"तिलापण घेऊ संगती."

"ती कान्हाचा उंबरा सोडायची नाय."

 वाळूनं यंत्राला उगाच तेल घातलं.

मग लढाईपायी सरकारनं कापडावर कंट्रोल आणला. बाजारात धड पंचासुद्धा मिळेना, वाळूच्या यंत्रावर धूळ बसू लागली. कल्याणला लष्कराचे तंबू शिवायचं काम निघालं होतं.

"पुढल्या बाजारी मी निघतो," तो म्हणाला. "चोळी आणलीस तर... नाय आणलीस तर मी समजेन."

"आणि कापड कुठाय रं शिवायला?"

"आधी तू तर ये."

गोजर घरी आली आणि पेटी उघडून बसली. आत लुगड्याचा नुसता काठ उरला होता, दोरीसारखा. तिनं तोंडात पदर कोंबला.

"रडू नको," ओटीवरून धोंडूबाई म्हणाली. "कैची चालली की मला ऐकू येतं गो. एवढे दिस ऐकतेय."

"मग बोलला का नाय, आत्याबाय?"

"काय बोलू? लुगडं नेसायचंच असतं. कुणीतरी नेसत होतं."

म्हातारी चाचपडत फळीपाशी आली. एक बाहुली उचलली, गाठ शोधली, सोडली. मग दुसरी.

"अवो, त्यांना उघड्या नका करू."

"बाहुल्यांना थंडी नाय वाजत. तुला वाजते."

"आणि तुमी?"

"शेजारची जिवली हाय पाण्याला. माझं पोर गेलं, तुझं सगळंच जायला कशाला हवं?" तिचा हात थांबला नाही. "बाजार कधी हाय?"

बाजाराच्या दिवशी वाळूनं यंत्र बैलगाडीत चढवलं होतं. गोजरनं त्याच्यापुढं गाठोडं ठेवलं. वर विटलेली, मापाची चोळी. खाली इवल्या फुग्याच्या बाह्या, इवल्या झालरी, निऱ्यांच्या घड्या पडलेले हिरवे तुकडे. एकेक तुकडा त्यानं ओळखला. 

"यातून चोळी होईल?" तिनं विचारलं.

"होईल. पण जोड दिसतील."

"दिसू देत."

वाळूनं गाडीवाल्याला थांबायला सांगितलं आणि चोळी शिवायला यंत्र परत खाली उतरवलं.

पाट ठरल्याची बातमी घेऊन गोजर घरी पोचली तेव्हा धोंडूबाई ओटीवर बसून होती. साऱ्या उघड्या बाहुल्या तिनं मांडीवर घेतल्या होत्या, आणि त्यांच्यावर आपली घोंगडी ओढली होती.