अर्धाच पोचलेला मेसेज

सर्व्हर-रूमचं जड दार मी खांद्याने ढकललं आणि थेट एका मफलरवर आदळले. मफलरच्या आत एक माणूस होता.

"अहो, सांभाळून!" तो ओरडला. ओरडण्याला इलाज नव्हता. यंत्रं गार ठेवणारे पंखे तिथे असे घोंघावतात, की शेजारच्याचं ऐकायलासुद्धा कान जवळ न्यावा लागतो.

"तुम्ही कोण?" मी विचारलं.

"कर्नलवाला. वरच्या मजल्यावरचा. आणि तुम्ही?"

"टेस्टर. खालच्या मजल्यावरची. तुमच्यामुळेच आलेय इथे."

"माझ्यामुळे... एवढ्या थंडीत?" त्याचे डोळे हसले. मला हसू आलं, पण मी ते गिळलं. तक्रार घेऊन आलेल्या माणसाने लगेच हसायचं नसतं.

तक्रार साधी होती. आमची कंपनी ऑपरेटिंग सिस्टिम बनवते; तिचा गाभा, म्हणजे कर्नल, वरच्या मजल्यावर लिहिला जातो. एखाद्या प्रोग्रॅमला नेटवर्कवरून काही पाठवायचं असलं की तो ते सिस्टिमच्या हातात देतो. त्यातलं किती घेतलं ते सिस्टिम सांगते, आणि उरलेलं प्रोग्रॅमने पुन्हा द्यायचं. पण माझ्या चाचणीत सिस्टिम बिनदिक्कत म्हणायची, सगळं घेतलं. पलीकडे मात्र अर्धंच पोचायचं. माझ्या टीमने मलाच वेड्यात काढलं होतं.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे आमचं बाळ खोटं बोलतं म्हणा ना."

"धडधडीत! पण नेहमी नाही. नेटवर्कवर गर्दी झाली की."

"मग गर्दी होईपर्यंत रोज यावं लागेल तुम्हाला," तो म्हणाला, आणि गळ्यातला मफलर काढून त्याने माझ्या हातात ठेवला. "घाला. कुडकुडताय."

दुसऱ्या दिवशी मी तो मफलर घालूनच गेले.

मग रोज दुपारी तिथे जाणं ठरूनच गेलं. त्याच्या तोंडी मी 'तपासनीस' झाले, माझ्या तोंडी तो 'मफलर'. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते त्या घोंघाटात कळलंसुद्धा नाही. बग काही सापडत नव्हता... आणि खरं सांगू? मला घाई नव्हती.

या शहरात माझं कुणीही नव्हतं. भाड्याच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या – एक माझी, दुसरी न घडी केलेल्या कपड्यांची. ताई फोनवर विचारायची, "कुणी आहे का गं तिकडे, गप्पा मारायला?" मी म्हणायचे, "आहेत की खूप!" आणि फोन ठेवला की खोली आणखीच गप्प व्हायची.

एका दुपारी तो सहज म्हणाला, "माझी बदली झाली. महिनाअखेरीला दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात."

"अरे वा," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

जागेवर येऊन मी त्याला मेसेज लिहिला, ऑफिसच्याच मेसेंजरवर. समोर बोलायचा धीर नव्हता. आधी बगबद्दल लिहिलं – लांबलचक, अगदी पाल्हाळ – आणि त्याच्या आडोशाने शेवटी मनातलं सगळं लिहून टाकलं. डोळे मिटून पाठवला.

उत्तर लगेच आलं. 'समजलं. नोंदवून घेतो.'

नोंदवून घेतो! मी जीव काढून समोर ठेवला, आणि हा नोंदवून घेतो!

त्यानंतर मी सर्व्हर-रूमकडे फिरकले नाही. 'येत नाहीस?' असं त्याने विचारलं, तर 'काम आहे' असं कळवलं. मफलर दुसऱ्या खुर्चीवर कपड्यांखाली गाडून टाकला. ताईने विचारलं, "आवाज का असा?" म्हटलं, "सर्दी." मग रडून घेतलं. रडताना तरी कुणी विचारणारं नव्हतं, तेवढीच सोय.

त्याच्या शेवटच्या दिवशी तो जिने उतरून, धापा टाकत माझ्या टेबलाशी आला.

"सापडला! गर्दीत पाठवायच्या रांगेतली जागा भरत आली की सिस्टिम घ्यायची थोडंच, पण 'किती घेतलं' म्हणून सांगायची तू दिलेला पूर्ण आकडा. चूक माझीच."

"अभिनंदन," मी पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

"अगं, ऐक ना. आपण बनवतो ते आधी आपणच वापरायचं, हा इथला नियम. आपला मेसेंजर याच सिस्टिमवर चालतो. लांब मेसेज तुटत होते. कुणाला पत्ताच नाही, कारण इथे सगळे 'ओके' आणि 'झालं' एवढंच लिहितात. एवढं लांब लिहिणारी तू एकटीच..."

त्याने फोन पुढे धरला. माझा मेसेज. बगचं सारं पुराण, आणि शेवटी – 'आणि अजून एक'.

तिथेच संपला होता.

"मला वाटलं, दुसरा बग सांगायचा राहिला. वाट पाहिली. तर तू यायचीच बंद झालीस." तो अडखळला. "अजून एक... काय?"

मला हसूही येत होतं आणि रडूही. "चल," मी उठले.

सर्व्हर-रूमचं दार बंद झालं. पंख्यांचा तोच घोंघाट. मी त्याच्या कानाशी गेले.

"अजून एक. तू गेल्यावर..."

"'तू गेल्यावर', इथपर्यंत मिळालं," तो माझ्या कानाशी म्हणाला. "उरलेलं दे."

"इथे माझं कुणी..."

"मिळालं. पुढे?"

"...कुणी उरणार नाही. पण म्हणून नाही रे! गर्दीत असते तरी मला तूच हवा होतास."

या वेळी 'मिळालं' आलं नाही. मी घाबरून वर पाहिलं. त्याचे डोळे भरले होते.

"सगळं मिळालं," तो म्हणाला. "उत्तर मोठं आहे. गाडीत बसून लिहितो, दुरुस्त केलेल्या सिस्टिमवरून. पूर्ण पोचतं का, ते तपासणं तुझं काम."

संध्याकाळी त्याची गाडी सुटली. मी एकटीच खोलीवर आले, दिवा लावला, आणि दुसऱ्या खुर्चीवरचे कपडे घडी करून ठेवले. मफलर तेवढा तिथे राहू दिला.

ताईचा फोन आला. "कुणी आहे का गं तिकडे?"

"इथे नाही, ताई," मी पहिल्यांदाच खरं सांगितलं. "पण आहे."

तेवढ्यात फोन थरथरला. भला मोठा मेसेज होता, संपता संपेना. मी आधी बोटाने भराभर सरकवत तळाशी गेले.

'...प्रेम आहे तुझ्यावर. पुढच्या शनिवारी मफलर न्यायला येतोय. धुऊ नकोस. इथे मेसेज संपला.'