रायपूरले निघालेला माग

रेणू, कीर्ती, उद्या तुम्ही रायपूरले जाऊन राहिल्या ना? मंग लाखनी सोडली का साकोली येईपर्यंत गाडी कुठंच थांबवू नोका. काहून, ते सांगतो. हसाची गोष्ट नाही. घनश्याम माझा सख्खा साडू. जामिनावर सुटून आला तेव्हा याच ओसरीवर बसून त्यानं सांगितलं. माह्या पदरचं त्यात काही नाही.

मागच्या वर्षी कोजागिरी सोमवारी झाली. हे दुसऱ्या दिवशीचं, मंगळवारचं. ऑक्टोबरची सात तारीख.

घनश्याम पिकअप चालवे, भाड्यानं. मोहाडीच्या भूषणचा त्याले फोन आला. भूषणची कोशाच्या रेशमी लुगड्यांची कंपनी. रायपुरात नवीन ऑफिस उघडून राहिला होता. राजधानीचं शहर, काचेची बिल्डिंग, गुरुवारी उद्घाटन. दारातून आत आलं का लोकायले जुना हातमाग दिसला पाहिजे, अशी त्याची हौस. तो माग आंधळगावातून उचलायचा अन् रायपूरले पोचवायचा. काम एवढंच.

माग होता डोमाचा. सत्तरीचा विणकर, घरात एकटा. संध्याकाळी हे दोघं गेले तेव्हा तो मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून विणतच बसला होता.

भूषण म्हणे, "उठ बाबा. हा माग माह्या आज्यानं देल्ला होता तुले. आता मले न्यायचा हाये."

"नेजो ना," डोमा म्हणे. "पण अर्धं लुगडं हाये मागावर. चार दिवसात उतरते. मंग नेजो."

"परवा उद्घाटन हाये."

"अर्ध्यातून मागाले हात नाही लावत, बापू."

भूषणनं खिशातून ब्लेड काढलं अन् ताणलेलं सगळं सूत सर्रकन कापून टाकलं. बुढा उठला. त्यानं भूषणची कॉलर धरली. भूषणनं कापड गुंडाळायचं जाड लाकूड उपसलं अन् बुढ्याच्या डोक्यात घातलं. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा उचललं तेव्हा घनश्यामनं त्याचा हात धरला. डोमा खड्ड्यात कोसळला. कानातून रक्त वाहून राहिलं होतं. तोंड उघडं. श्वास चालू.

"भाऊ, याले दवाखान्यात नेऊ," घनश्याम म्हणे.

"मरत नाही तो. माग खोल."

अन् घनश्यामनं माग खोलला. दोघांनी मिळून गाडीत चढवला. पोरी हो, ही त्याची चूक. मले सांगताना त्यानं ती लपवली नाही. निघताना शेजारच्या ललिताबाईले तेवढं म्हटलं, डोमाबाकडे जाऊन पाहा अन् मले फोन करजो. बस.

लाखनी सुटली तेव्हा सव्वाआठ झाले होते. चांदणं असं, का रस्त्याच्या बाजूले धानाची लोंबी न् लोंबी दिसे.

मांगं आवाज आला. खट्.

मंग पुन्हा. खट्... खट्.

"दोर ढिला झाला असन," भूषण म्हणे.

घनश्यामनं उतरून पाहिलं. दोर कसलेला होता. ताडपत्री जागच्या जागी. गाडी निघाली, तसा आवाज मेळानं येऊ लागला. आधी पाय, मंग हात. पाय, हात. आमच्याकडच्या माणसाले तो आवाज सांगा लागत नाही.

मांगं कोणी तरी विणून राहिलं होतं.

घनश्यामचा फोन वाजला. ललिताबाई होती.

"भाऊजी... डोमाबा गेले. आताच."

मांगचा खट् खट् आवाज थांबला. एकदम.

साकोली सहा-सात किलोमीटर राहिली असन, दोन्हीकडून जंगल. तिथं भूषण म्हणे, "थांबव गाडी. माग सापडला तर दोघंही आत जाऊ आपण. इथंच फोडून फेकतो."

चाक खोलायची लोखंडी टॉमी घेऊन तो मांगं चढला. घनश्याम स्टेअरिंग धरून बसून राहिला.

धाड.

काही तरी मोडलं.

धाड... धाड.

"मोडला!" भूषण ओरडे. "एक पाय मोडला!"

हसून राहिला होता तो.

घनश्यामनं आरशात पाहिलं...

...

ताडपत्री तशीच बांधलेली होती. माग झाकलेला. अन् भूषण... समोर पाय पसरून बसलेला. टॉमी वर जाये. खाली ये. त्याच्याच नडगीवर. हाड पँट फाडून बाहेर आलं होतं. तो हसे. पुन्हा हाणे.

घनश्याम धावला. टॉमी धरली. ओढली. सुटेच ना. एका माणसाचा जोर नव्हता तो. एक रट्टा त्याच्या खांद्यावर बसला, खांदा निखळला. भूषणनं त्याच्याकडे पाहिलं. शांत. म्हणे...

"सोड. आणखी एक पाय राहिला मागाचा."

धाड.

एका हातानं गाडी चालवत घनश्यामनं साकोलीचा दवाखाना गाठला. डॉक्टर बाहेर येईपर्यंत भूषणचा जीव गेला होता. घनश्याम तिथूनच ठाण्यात गेला. डोमाले कोणी मारलं, आपण काय केलं, सगळं लिहून देल्लं. केस चालू हाये. त्याचा खांदा अजून वर होत नाही. रायपूरचं ऑफिस उघडलंच नाही.

पुढचं मात्र मी माह्या डोळ्यांनी पाहिलं. बुधवारी भूषणच्या मयतीले मी गेलो होतो. त्याची माय कुसुमताई, विणकराच्या घरची लेक. शेवटचं पाणी घालाले बसली. गुडघ्याखाली काही पाहण्यासारखं नव्हतं, फडक्यात बांधून देल्लं होतं. पावलं तेवढी साबूत. तिनं पावलांवर पाणी टाकलं. तळवे पुसाले गेली...

हात थांबला तिचा.

दोन्ही तळव्यांले घट्टे. जाड, काळे, चिरा पडलेले. पन्नास वर्षं पायानं मागाच्या पावड्या दाबल्यावर पडतात तसे. अन् भूषणनं जन्मात मागावर पाय ठेवला नव्हता.

कुसुमताईनं वर पाहिलं. हळूच म्हणे...

"हे कोणाचे पाय आणले रे?"