मरणार नाहीत असे मासे

"डब्यात काय हाये?"

ढाणकीची गाडी आर्णीच्या स्टँडवरून निघाली आणि दुसऱ्याच मिनिटाला ममतानं तिसऱ्या सीटवरच्या माणसाला पकडलं. मांडीवर पांढरा प्लास्टिकचा डबा, झाकणाला भोकं पाडलेली, आणि दोन्ही हात त्याला असे कवटाळलेले, की खिशात हात घालायचीही सोय नाही.

"दोनशे प्रवासी हायेत," तो म्हणाला.

"मंग दोनशे तिकिटं फाडू?"

"उभ्यानंच चालले बिचारे... अर्धं लावा."

मागची बाई हसली. ममता हसली नाही. सकाळच्या पहिल्या फेरीत हसणाऱ्या कंडक्टरला दिवसभर फुकटे छळतात, हे दोन वर्षांच्या नोकरीत तिला पक्कं कळलं होतं. पण तिनं वाकून झाकणाच्या भोकातून आत पाहिलं मात्र, आणि हातातला पंच हातातच राहिला. बोटाच्या पेराएवढे मासे एकमेकांना ढुशा देत फिरत होते.

"गप्पी मासे. मी मलेरिया खात्यातला, संघदीप. गावोगावच्या टाक्यांत सोडतो, मच्छरांच्या अळ्या खातात हे."

"मले एक सांगा," ममता हळू आवाजात म्हणाली, "मरनार नाई असे मासे असतात का?"

संघदीप चेष्टेचं काहीतरी बोलणार होता. पण त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोनासाठी पाह्यजेत?" ममताला तो आवडायला सुरुवात झाली ती बहुधा तिथंच, फक्त हे तिला फार उशिरा कळलं.

तिचे वडील डोमाजी जिनिंगमध्ये सव्वीस वर्षं फिटर होते. मशीनच्या धडधडीवर ओरडून ओरडून आवाज असा झाला होता, की घरात पाणी मागितलं तरी शेजारच्या नंदाबाई "आले" म्हणायच्या. मग कापसाचे दिवस फिरले, जिनिंगला कुलूप लागलं, आणि त्याबरोबर डोमाजींचं तोंडही बंद झालं. भांडण नाही, रडणं नाही... नुसतं भिंतीकडे पाहत बसणं. आई कधीच गेलेली, घरात ही दोघंच. डॉक्टर म्हणाले, जिवंत, हलतं काहीतरी समोर असू द्या. ममतानं यवतमाळहून काचेची पेटी आणि सोनेरी मासे आणले. डोमाजींची मान भिंतीवरून पेटीकडे वळली, तेव्हा ती चुलीपाशी जाऊन पोटभर रडली. आठव्या दिवशी मासे मेले. तीनदा आणले, तीनदा मेले. तिसऱ्या वेळी डोमाजींनी मेलेला मासा तळहातावर घेतला आणि दोन दिवस अन्नाला शिवले नाहीत.

म्हणून तिनं ठरवलं होतं, आता एकदाच आणायचे. आणि या वेळी आणलेला जीव जगलाच पाहिजे.

तिकिटं फाडत फाडत हे सगळं तिनं त्याला थांब्याथांब्यानं सांगितलं. तोही प्रत्येक थांब्यानंतर एकेक प्रश्न विचारत गेला.

"लाइट किती तास जाते?"

"बारा. कधी चौदा."

"मंग हवेचं मशीन बंद. सोनेरी मासा म्हंजे मोठ्या घरचा जावई, त्याले जागा लागते, हवा लागते, सरबराई लागते. तुमी पहाटे निघता, दिवे लागल्यावर येता... तुमच्या घरी तो कायले टिकते? खायाले कोन देते?"

"बाबा. दिवसभर देतेत."

"अन् पेटी कशी धुता?"

"सुट्टीच्या दिवशी सगळं पानी ओतून, पावडरनं घासून, उन्हात कोरडी करतो." ममता ताठ मानेनं म्हणाली.

"असं कोनं सांगतलं?"

"तुमीच. स्टँडच्या भिंतीवर लिहेल हाये ना, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, सगळी भांडी रिकामी करून घासा. आमच्या घरी लय काटेकोर पाळतो आमी."

संघदीपचे कान लाल झाले. ती भिंत त्यानंच रंगवली होती.

"भांडी म्हनलं होतं, मॅडम... माशांचं घर नाई. त्याइले जुनं पानी लागते. दर आठवड्याले सगळंच नवं, तेबी ब्लीचिंगचं..." तो अडखळला. "म्हंजे तुमचे मासे मीच मारले."

ममताला राग यायला हवा होता. आला नाही. दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी चूक नेमकी कुठं आहे ते सांगत होतं, आणि तिला एकदम हलकं वाटलं.

"मंग भरपाई करा," ती म्हणाली. "गुरुवारी माही सुट्टी असते."

गुरुवारी संघदीप पाच गप्पी आणि नाल्यातल्या पाणवनस्पतीचा एक झुपका घेऊन हजर झाला. ममतानं पेटीत डोकावून नाक मुरडलं.

"दिसाले साधेच हायेत. रंगीत काई नाई?"

"फायटर हाये ना. देखना, लाइट गेली तरी जगते. पन एकटाच राह्यते. जवळ कोनी आलं की अंगावर धावते."

"मंग तोच आना."

"तसा एक या घरात हायेच की..." तो पेटीकडे पाहतच म्हणाला.

ममतानं डोळे वटारले, पण चहात साखर एक चमचा जास्तच पडली.

मग तो डोमाजींसमोर उकिडवा बसला. एका काडेपेटीत त्यानं चिमूटभर खाणं भरलं. "काका, दिवसाचं एवढंच. काडेपेटी रिकामी झाली की संपलं. आठवड्याले एक कळशी पानी काढाचं, रातभर ठेवलेलं टाकाचं. बाकी काई करू नका. यांचं नशीब असं हाये, जेवढं कमी कराल तेवढं जास्त जगतीन. अन् मोजाचं काम तुमचं. रोज मोजा, एकबी कमी होऊ देऊ नका."

डोमाजींनी काडेपेटी घट्ट धरली. जाताना संघदीपनं खात्याच्या रिवाजाप्रमाणे दाराच्या आतल्या बाजूला निळ्या खडूनं तारीख लिहिली. पुढची भेट पंधरा दिवसांनी.

तो पुढच्याच गुरुवारी आला. नाली पाहायची होती म्हणे. त्याच्या पुढच्या गुरुवारी माठ पाहायचा होता. मग तर मधल्या वारीही, ममता ड्यूटीवर असताना, तो डोमाजींजवळ तास-अर्धा तास बसून जाऊ लागला. ढाणकीच्या गाडीत त्याची तिसरी सीट ठरून गेली. ममता तिकीट देताना त्याच्याकडे बघायची नाही, आणि बघत नाही हे साऱ्या गाडीला कळायचं. पेटीतले पाचही मासे मजेत होते.

पोळ्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी गाडी रिकामी होती. खिडकीतून भिजलेल्या कापसाच्या पऱ्हाटीचा वास येत होता.

"मले काई सांगाचं हाये..." संघदीपनं सुरुवात केली.

"नोका सांगू." ममतानं पंच पिशवीत टाकला. काय सांगणार ते तिला ठाऊक होतं, आणि ऐकायचं मनातही होतं. "दोन स्थळं परत पाठवली म्या. बाबाच्या तोंडून शब्द निघाल्याशिवाय या घरातून मी कुठंच जानार नाई, अन् कोनाचं काई आयकनारबी नाई. ठरवलं हाये."

तो म्हणाला, "बरं. मी थांबतो."

आणि तो येत राहिला. दारावरच्या तारखा वाढत राहिल्या.

त्या वर्षी धम्मदीक्षेला पन्नास वर्षं होत होती. दसऱ्याला नागपूरसाठी जादा गाड्या लागल्या आणि ममता सलग तीन दिवस गर्दीतच उभी होती. डोमाजींना जेवण नंदाबाई देत होत्या, तरी तिचा जीव घरात अडकलेला. चौथ्या दिवशी दुपारी ती परतली. लाइट नव्हती. आणि खिडकीपाशी पेटी नव्हती.

चप्पल न काढताच ती आत शिरली.

"ममते, दार लोट. बरनीवर ऊन येऊन राह्यलं."

तोच आवाज. धडधडत्या मशीनवरून पलीकडच्या माणसाला ऐकू जाणारा. डोमाजी आतल्या सावलीत बसले होते. शेजारी पेटी, आणि तिच्याजवळ लोणच्याची घासलेली बरणी. बरणीत पापणीच्या केसाएवढं काहीतरी वळवळत होतं.

"लेकरं झाली," ते म्हणाले. "तेवीस. मोठे खाऊन टाकतीन म्हनून अलग केले."

ममता त्यांच्या पायाशी बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. डोमाजी मात्र, दोन वर्षांचं साचलेलं बाहेर यावं तसे, बरणीतल्या पिल्लांबद्दलच बोलत राहिले.

गुरुवारी संघदीप खडू घेऊन दारात उभा राहिला, तोच आतून प्रश्न आला.

"तुह्या खात्याचा नियम पंधरा दिवसाचा हाये ना?"

खडू हवेतच थांबला. डोमाजी बोलू लागलेत हे त्याला माहीत नव्हतं.

"व्हय... काका."

"मोजाचं काम तूच देलं मले. मी मासोळ्या मोजल्या, अन् तारखाबी मोजल्या. सात आठवड्यांत आजची धरून अकरा. मासोळ्या त पयल्या महिन्यातच रमल्या. मंग तू कायले येऊन राह्यला?"

संघदीपनं ममताकडे पाहिलं. या वेळी तिनं नजर काढून घेतली नाही.

"बाबा बोलले," ती म्हणाली. "आता आयकते मी. सांग."

"म्हंजे... तू... मले..." एवढंच त्याला जमलं. ममताला तेवढं पुरलं. तिनं त्याच्या हातातून खडू घेतला, अकरावी तारीख लिहिली, आणि तिच्याखाली बारावी, पुढच्या गुरुवारची.

"त्या दिवशी तुह्या आई-बाबाले घिऊन ये."

"मासोळ्या पाहाले?"

"मासोळ्याबी पाहतीन."

तो हसला, तीही हसली, आणि दोघं दारात तशीच उभी राहिली. आतून डोमाजींनी घसा साफ केला.

"अन् येतानी मोठा डबा आन रे. बरनी पुरून नाई राह्यली."

दोन वर्षांत त्यांनी पहिल्यांदा कुणाकडे काहीतरी मागितलं होतं. शेजारच्या घरातून लगेच नंदाबाईंचा आवाज आला, "आले, आले."