पितरांच्या शनिवारचा तिसरा वाडगा

विश्वास ठेवा अगर ठेवू नका. यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

१९२१ सालचा जून. पेंटेकॉस्टच्या सणाच्या आदल्या दिवशीचा, पितरांचा शनिवार. त्या दिवशी मेलेल्यांच्या नावानं जेवणाचा वाडगा लोकांना द्यायचा, म्हणजे तो मेलेल्यांना पोचतो. गाव आमचंच, प्रुत नदीकाठचं. वेळ भर सकाळची, दहाची.

हे मला सफ्ताकाकूनं स्वतः सांगितलं.

तिचा नवरा पिंतिली १९१७ सालच्या लढाईवरून परतलाच नाही. त्याच वर्षी वसंतात राजा खंदकांपर्यंत आला होता. शिपायांना म्हणाला होता, तुम्हाला जमीन देईन. पिंतिलीनं ते पत्रात कळवलं. काकूनं ते पत्र मेरीच्या तसबिरीमागे जपून ठेवलं.

जमीन खरंच आली. मेलेल्या शिपायाचा वाटा त्याच्या बायकोला मिळणार होता.

पण मोजणीच्या दिवशी, त्या शनिवारच्या तीनच दिवस आधी, पिंतिलीचा धाकटा भाऊ, लढाईत त्याच्यासोबत असलेला इफ्तिमे पुढे झाला. त्यानं शेतातलं ढेकूळ उचलून डोक्यावर ठेवलं. आमच्याकडे जमिनीची शपथ अशीच घेतात.

"पिंतिली मेला नाही. शत्रूकडे पळाला. मी डोळ्यांनी पाहिलं. जाताना हे बूट मला देऊन गेला."

झालं. पळपुट्याला वाटा नाही. काकूचा तुकडा इफ्तिमेच्या नावावर चढला.

आणि हा लढाईवरून आल्यापासून तिच्याच चुलीपाशी बसून जेवत होता!

त्याहून वाईट पुढेच होतं. पाद्रीबाबांनी मेलेल्यांच्या यादीतून पिंतिलीचं नाव खोडलं.

"जिवंत माणसासाठी मेल्याची प्रार्थना कशी करू, बाई?"

म्हणजे त्याच्या नावानं वाडगाही देता येणार नव्हता. काकू म्हणाली, "जमीन गेली तेव्हा रडले नाही रे. तो उपाशी राहणार, म्हणून रडले."

शनिवारी तिनं दोनच वाडगे भरले. दुधातला भात, वर मेणबत्ती. एक आईचा, एक बापाचा. टोपली घेऊन ती चर्चकडे निघाली.

वाटेत मागे पावलं वाजली...

अनवाणी. ओली.

तिनं वळून पाहिलं. कोणी नव्हतं. नेहमी भुंकणारी कुत्रीही कुठे दिसेनात.

चर्चच्या अंगणात तिनं टोपलीवरचं फडकं काढलं.

वाडगे तीन होते...

तिचा भात पहाटेचा, गार झालेला. तिसऱ्यातून वाफा येत होत्या.

तिनं दोन वाडगे वाटले. तिसरा हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. तेवढ्यात इफ्तिमे समोर आला. सगळ्या गावाला दिसावं म्हणूनच आला.

"वहिनी, रागावलीस होय? दे की इकडे. घरचाच माणूस मी!"

आमच्यात देणारा मेलेल्याचं नाव घेतो आणि घेणारा म्हणतो, देव त्याला शांती देवो. जन्माची सवय. तोंडातून आपोआप निघतं.

काकूनं वाडगा पुढे केला. नाव कोणाचं घ्यावं, तिला कळेना.

तेव्हा तिच्या पाठीमागून पुरुषाचा आवाज आला...

"पिंतिलीच्या नावानं."

"देव पिंतिलीला शांती देवो," इफ्तिमे म्हणून गेला.

तो आवाज काकू आणि इफ्तिमेशिवाय कोणी ऐकला नव्हता. त्याचं उत्तर मात्र सगळ्यांनी ऐकलं.

"काय रे इफ्तिमे," शेजारची म्हातारी कत्रीना म्हणाली, "जिवंत भावाला शांती मागतोस?"

त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो काकूच्या मागे, खाली जमिनीकडे बघत होता. पायांकडे बघावं तसा.

मग तो मटकन खाली बसला आणि बूट ओढून काढायला लागला.

"घे, दादा. घे तुझे. तुझा जीव गेल्यावरच काढले रे मी... आधी नाही..."

पाद्रीबाबांनी त्याच दिवशी पिंतिलीचं नाव यादीत परत लिहिलं. जमिनीचं मात्र अधिकारी म्हणाले, शिक्का बसलाय, आता राजालाच जाऊन विचार.

बूट चर्चच्या पायरीशी पडून होते. दुपारनंतर दिसले नाहीत. कोणी उचलले, आजवर कळलेलं नाही.

ते शेत आता मी नांगरतो. इफ्तिमे माझा बाप. तो गेला आणि शेत माझ्या नावावर झालं. काकूला परत द्यायला हवं, हे मला कळतं. अजून दिलेलं नाही.

नांगराच्या मागे पावलं येतात... आता अनवाणी नसतात.

गेल्या पितरांच्या शनिवारी काकूनं पिंतिलीचा वाडगा माझ्यापुढे धरला. मी हात मागे घेतला.

ती माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिली.